रोलरवाल्याचं गाणं, कौतुक वगळून

४ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंय, यावरूनच तू ओळखलं असशील की काहीतरी शिजतंय. फोनच केला असता, पण आपला फोन बैठकीच्या खोलीत आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाबा. तू नुसतं "हं, हं" केलंस तरी ते विचारणार, "कोण गेलं?"

तर ऐक. मार्चअखेर बाबा रिटायर होतायत. सगळी हयात रोड रोलरवर गेली त्यांची. गावात असा रस्ता नाही ज्याच्यावरून आधी ते गेले नाहीत आणि मग बाकीचे. त्यांच्या निरोप समारंभात मी त्यांच्यावर एक गाणं म्हणणार आहे. माझं स्वतःचं. लोकगीताच्या थाटाचं, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवते आणि संध्याकाळी आमच्या गाण्याच्या मंडळात गळा मोकळा करते, हे तुला माहीत आहेच. चाल तयार आहे. अडलंय ते शब्दांवर.

त्यांच्या चांगल्या चांगल्या गोष्टी मला लिहून पाठव ना. मी लिहायला बसले की "कष्ट", "त्याग", "डोंगराएवढा" असलेच शब्द येतात आणि वाचून मलाच जांभई येते.

आणि एक. माझ्या लग्नात सासऱ्यांनी माइक हातात घेऊन बाबांचं कौतुक सुरू केलं होतं, आठवतंय? दुसऱ्याच वाक्याला बाबांनी काढता पाय घेतला. शोधशोध शोधलं तेव्हा हॉलच्या मागे सापडले, जनरेटरवाल्याशी जनरेटरच्या तब्येतीबद्दल बोलत. सगळे हसले, मीही हसले. पण आत्या, सासऱ्यांच्या नंतर मी बोलणार होते. चार ओळी पाठ केल्या होत्या. त्या तशाच पोटात राहिल्या. या वेळी बाबांनी शेवटपर्यंत बसून ऐकायला हवं. मला दुसरं काही नको.

तुझी,
बारीक


१५ जानेवारी

प्रिय बारीक,

पत्र मिळालं तेव्हा एका गिऱ्हाइकाला शर्टाची बटणं दाखवत होते. त्याला तसंच ताटकळत ठेवून वाचलं. तो शेवटी रंग न जुळणारी बटणं घेऊन गेला, त्याचं पाप तुझ्या माथी.

दादाच्या चांगल्या गोष्टी विचारतेस, आणि त्याही मला? अगं, मी त्याची धाकटी बहीण. मला कळायला लागल्यापासून माझ्याकडे त्याच्या तक्रारीच जमा होतायत. चांगल्या गोष्टींसाठी कधी जागाच उरली नाही.

शिवाय तुझा बेत मुळातच फसलेला आहे. तुझ्या लग्नातलंच काय घेऊन बसलीस? मागच्या महिन्यात तपासताना डॉक्टर त्याला म्हणाले, "या वयात काय तब्येत ठेवलीय तुम्ही, वा!" दादा टेबलावरून उतरला आणि शर्ट हातात घेऊन सरळ बाहेर. फी मी भरली, औषधाची चिठ्ठीही मीच आणली. हा खाली रस्त्यावर उभा राहून शर्टाची बटणं लावत होता आणि तीही एक घर चुकवून. कौतुक ऐकलं की त्याच्या अंगाला मुंग्या येतात. तू गाण्यात "डोंगराएवढा" म्हणालीस तर शेवटच्या अक्षरापर्यंत तो गेटबाहेर पोचलेला असेल.

पण हाच माणूस बोलणी कशी खातो बघ! परवा मी त्याला अर्धा तास झापलं. खुर्ची ओढून समोर बसला, पाणी प्यायला, आणि मी दम घ्यायला थांबले तर म्हणतो, "हं, पुढे?"

झापलं कशावरून विचारशील, तर टूथपेस्टवरून. नळी संपली तरी हा टाकू देत नाही. ओट्यावर आडवी ठेवतो आणि वरून काचेची बाटली फिरवतो, मागे-पुढे, मागे-पुढे, रस्ता केल्यासारखी. कणभर पेस्ट निघाली की मला दाखवायला स्वयंपाकघरात येतो. आणि घोरणं? पलीकडच्या वहिनी मला विचारत होत्या की रस्त्याचं काम आपल्या गल्लीत कधीपासून सुरू झालं. चालणं तर बोलायलाच नको. त्याच्याबरोबर बाजारात निघालं की पोचेपर्यंत भाजी शिळी होते. काम करत असताना हाक मारली तर बघणार नाही, हात केला तर थांबणार नाही. सख्ख्या बहिणीला ओळख देत नाही तो, डांबराला देतो.

हे सगळं तुझ्या काही उपयोगाचं नाही, पण लिहून मला बरं वाटलं.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

उपयोगाचं नाही म्हणतेस? अगं, तू सगळं गाणंच पाठवलंस की! बोलणी खायला ते खुर्ची ओढून बसतात ना? मग आपण गाण्यातून बोलणीच घालायची. कौतुकाचा एक शब्द नाही. घे, वाच, आणि वाचताना मांडीवर ठेका धर:

बाप माझा रोलरवाला, घाई त्याला ठाऊक नाही,
गाव सारं पुढं गेलं, हा अजून येत राही.
येतोय गं, येतोय, रोलरवाला येतोय!

गोगलगाय पुढं गेली, मुंगी तिच्या पुढं गेली,
डबा घेऊन वाट बघते, भाजी माझी थंड झाली.
येतोय गं, येतोय...

हाक मारा, थांबत नाही, हात दाखवा, बघत नाही,
डांबर तेवढं ओळखतो हा, माणूस त्याला दिसत नाही.
येतोय गं, येतोय...

टूथपेस्टची नळी संपली, बाटली घेऊन लाटत बसतो,
कणभर पेस्ट निघता बाहेर, राजा गालात हसतो.
येतोय गं, येतोय...

झोपला तरी इंजिन चालू, घोरण्यानं हलते खाट,
शेजारीण उठून विचारे, कुठं चालली नवी वाट?
येतोय गं, येतोय...

"येतोय गं" सगळ्यांनी मिळून ओढायचं. तू पाठ कर, म्हणजे समारंभात तुझ्यापासून सुरुवात होईल आणि बाकीचे धरतील. चाल तीच, लहानपणी तू मला झोपवताना म्हणायचीस ती. मी फक्त जरा पळवलीय.

पण घरात म्हणू नकोस. बाबांच्या कानावर जाता कामा नये.

बारीक


२० फेब्रुवारी

प्रिय बारीक,

आधी पाणी पी.

घरात म्हणू नकोस असं तू लिहिलंस आणि मी म्हटलं नाही. दुकानातच म्हणत होते. दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावताना आपोआप तोंडात येतं, त्याला मी काय करू? चाल तूच अशी लावलीस की सुटत नाही. मंगळवारी घोरण्याच्या कडव्यापर्यंत आले, अगदी रंगात, आणि मागून आवाज आला, "खाट हलत नाही. खाटेचा एक पाय आखूड आहे."

दादा दारात उभा. छत्रीला बटण लावून घ्यायला आला होता.

माझ्या हातातलं रीळ पडून पार नाल्यापर्यंत उलगडत गेलं. म्हटलं, संपलं सगळं. पण हा आत आला, स्टूल ओढलं आणि म्हणाला, "तू रचलंस? पहिल्यापासून म्हण बघू."

आता बारीक, मी काय करायचं होतं? तुझं नाव सांगितलं असतं तर सगळा बेत बाहेर आला असता. म्हणून हो म्हटलं. मी रचलं. सगळं म्हणून दाखवलं. हा ठाण मांडून बसला होता, एकदाही उठला नाही. वर दुरुस्त्या सांगतो! गोगलगाय त्याला मंजूर नाही. म्हणतो गोगलगाय रोलरच्या पुढं जाणं शक्यच नाही, कासव म्हण, कासवाला मी मान देतो. मी म्हटलं, मग मुंगीचं काय? तर म्हणतो, मुंगी जाईल पुढे, मुंगी चपळ असते.

आणि पुढचं ऐक. दोन दिवसांनी त्यांचा मुकादम दुकानात आला आणि काउंटरवर थाप मारून म्हणाला, "काय हो कवयित्रीबाई!" दादा रोलरवर बसून स्वतःच गुणगुणतो म्हणे. खडी पसरणाऱ्या बायकांनी लगेच उचललं. आता पूर्ण टोळी काम करताना "येतोय गं" ओढते आणि रोलर खरोखरच येत असतो. मुकादमाच्या मते काम लवकर उरकतंय.

रस्त्यानं जाताना लोक मला थांबवून विचारतात, कसं सुचतं हो तुम्हाला? मी नुसतं हसते. खोटं काही बोलत नाही.

तुझी,
आत्या


३ मार्च

कवयित्रीबाईंना सा. न.,

खोटं बोलत नाहीस, नुसती हसतेस! माझं गाणं, माझे शब्द, आणि हार तुझ्या गळ्यात. असो. बाबा शेवटपर्यंत बसले हे वाचून मी दुकानात टाळ्या पिटल्या, आणि एक आजोबा नंबर तपासताना अक्षर बरोबर वाचलं म्हणून टाळ्या समजून खूश झाले.

आता वाईट बातमी. वरच्या खणातल्या फ्रेमा काढताना मी स्टुलावरून पडले. पाय प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, दुखणं ओसरलंय, फक्त प्रवास करायचा नाही म्हणून डॉक्टरांनी डोळे वटारलेत. मी समारंभाला येऊ शकत नाही. दोन दिवस रडले आणि मग बसून एक काम केलं. शेवटचं कडवं लिहिलं.

हे कडवं आत्या, तू दुकानात म्हणू नकोस, नाल्यावर म्हणू नकोस, मनातही हळू म्हण. हे फक्त त्या दिवशी. माझ्याऐवजी तू म्हणायचंस.

तुला वाटतं बाबा हाक मारली तरी थांबत नाहीत. डांबर गरम असताना रोलर उभा केला की तिथे खड्डा पडतो, म्हणून थांबत नाहीत ते. आई गेल्यावर तू दिवसभर दुकानात, म्हणून शाळा सुटली की मी डबा घेऊन कामावर जायचे. ते थांबणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मग मी कडेनं त्यांच्याबरोबर चालायचे. ते पुढे गेले की पुढे, मागे आले की मागे. शाळेतलं सगळं सांगायचे. टोळीतली माणसं मला "बारीक खडी" म्हणायला लागली ती तेव्हाच. मैत्रिणींचे वडील त्यांना स्कूटरवर बसवून भुर्रकन न्यायचे, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा असं तुम्हा सगळ्यांना वाटायचं. मला कधीच वाटला नाही. माझ्या पावलांच्या वेगानं चालणारं गाडीबिडी काही जगात होतं, तर ते माझ्या बाबांकडे होतं.

हे मला त्यांना एकदा तोंडावर सांगायचं आहे. घे:

पाऊल माझं एवढंसं, रस्ता मोठा, ऊन फार,
साऱ्यांचे बाप पुढं गेले, वाऱ्यावरती होऊन स्वार.
माझा बाप माझ्यासंगं माझ्या पावलानं आला,
मागं वळून पाहिलं तर पक्का रस्ता झाला.

बारीक


१२ मार्च

प्रिय बारीक,

पायाला जप. उंचावरच्या वस्तू खाली ठेवायला सांग त्या मालकाला.

कडवं वाचलं. दुकान बंद करून वाचलं, बरं झालं. पलीकडच्या वहिनी लेस घ्यायला आल्या होत्या, त्यांना उद्या या म्हटलं. माझा चेहरा गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखा नव्हता.

पण पोरी, हे कौतुक आहे. कितीही साधं वाटलं तरी कौतुकच आहे आणि तो ते वासावरून ओळखेल. पाच कडवी हसत ऐकेल आणि याला उठून जाईल. मग तुझ्या मनात ते कायमचं राहील. गाणं घोरण्यावर संपवू या का? सगळे हसतील, तोही हसेल, सगळं गोड होईल. विचार कर.

तू म्हण म्हणशील तर म्हणेन. माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे, तरी म्हणेन.

आत्या


१९ मार्च

आत्या,

विचार केला. म्हण.

बारीक


१ एप्रिल

प्रिय बारीक,

काल समारंभ झाला. घडलं तसं सगळं सांगते, कारण गोड करून लिहिलं तर तू ओळखशील.

यार्डातल्या मोठ्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. दादाचा रोलर धुऊन पुसून दारात उभा. साहेबांना मुकादमानं आधीच समजावलं होतं, त्यामुळे ते उठले, "आम्हाला यांची आठवण येईल" म्हणाले आणि बसले. इतकं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नसेल. दादानं खुर्चीचे हात घट्ट धरले, पण टिकला.

मग मी उभी राहिले. पहिली ओळ तर मलाच ऐकू आली नाही. पण "येतोय गं" आलं आणि सगळी टोळी तुटून पडली! शेडचे पत्रे वाजले बघ. कासवाच्या कडव्याला दादा स्वतः हात वर करून "बरोबर!" म्हणाला. टूथपेस्टला खडीवाल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. घोरण्याला साहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले, इतके हसले. दादा पाय आपटून ठेका धरत होता. मी म्हटलं, आता काही होत नाही, आता हा बसला.

आणि शेवटचं कडवं धरलं.

"पाऊल माझं एवढंसं" म्हणताच त्याचा पाय थांबला. दुसऱ्या ओळीला त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिसरी सुरू झाली आणि तो उठला. कुणाकडे न बघता बाजूच्या दारानं बाहेर गेला.

मी थांबले नाही. तू सोपवलं होतंस म्हणून रिकाम्या खुर्चीकडे बघत शेवटची ओळ म्हटली, पण मला पुरी म्हणू कुठे दिली! लोकांनी मध्येच टाळ्या सुरू केल्या. नंतर सगळे माझं कौतुक करायला आले तर मी सगळ्यांना सांगून टाकलं की गाणं माझं नाही, माझ्या भाचीचं आहे. मला ते आता पेलवेना.

घरी आल्यावर मी त्याला एक शब्द बोलले नाही. आज सकाळी उठून पाण्याची टाकी धुतोय. तिला धुण्याची काही गरज नव्हती.

मी तुला सांगितलं होतं, असं म्हणणार नाही.

तुझी,
आत्या


८ एप्रिल

आत्या,

तू म्हटलंस, हेच खूप झालं. खरं लिहिलंस तेही बरं केलंस.

वाईट वाटलं. वाटणारच. मी मनाशी धरून बसले होते की या वेळी बसतील. पण माणूस साठी ओलांडल्यावर एका गाण्यानं थोडाच बदलतो? त्यांच्याशी अबोला धरू नकोस. टाकी धुऊन झाली की चहा दे.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल.

बारीक


१७ एप्रिल

चि. बारीक,

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. आजवर आत्याच्या पत्राखाली सही करायचो, तीही ती म्हणायची म्हणून. अक्षर लागलं नाही तर तिला फोन करून विचार. तिनं तुझं आठ तारखेचं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि निघून गेली. वाचलं.

गाणं तुझं आहे हे मला दुकानातच कळलं होतं. तुझी आत्या म्हणाली तिनं रचलं, मी म्हटलं बरं. पण डबा ती भरायची आणि तू आणायचीस. भाजी थंड व्हायची ते तिला कुठून कळणार? ते तुला आणि मला माहीत. आत्याची चार दिवस हौस झाली, म्हणून मी काही बोललो नाही.

त्यात चुका आहेत. खाटेचं मी सांगितलंच आहे. टूथपेस्ट कणभर नाही निघत, चांगली दोन दिवसांची निघते. घोरण्याबद्दल मला काही माहीत नाही, मी तेव्हा झोपलेलो असतो.

आता शेवटच्या कडव्याचं. मी उठलो हे खरं. ते बसून ऐकण्यासारखं नव्हतं. माणसांसमोर खुर्चीत बसून माझ्याच्यानं ते झेपलं नसतं. पण गेलो नाही. बाजूच्या दाराबाहेर पाण्याचं पिंप आहे, तिथे भिंतीला लागून उभा होतो. आत्याचा आवाज तसा भिंतीपलीकडूनच बरा वाटतो. "माझ्या पावलानं आला" इथपर्यंत नीट ऐकलं. पुढची ओळ टाळ्यांत गेली. लोकांना भारी घाई.

मागं वळून पाहिलं तर काय, ते मला अजून कळलेलं नाही. आत्याला विचारायची सोय नाही, ती बोलत नाही माझ्याशी.

म्हणून मी येतो आहे. आता कामावर जायचं नाही, त्यामुळे आलो की राहीन थोडे दिवस. प्लास्टर निघालं असेल, तर हळूहळू फिरायला नेईन. शनिवारच्या गाडीनं निघतो. ती सगळ्या स्टेशनांवर थांबते, पण पोचते.

आल्यावर ते कडवं म्हण. तू स्वतः म्हण, पहिल्यापासून. आधी दाराला कडी लाव आणि खुर्ची दाराला लावून तीत तू बस, म्हणजे मला उठता येणार नाही.

तुझा,
बाबा